चौघांचा आवाज

ब्रिटनमध्ये १९६० नंतरच्या दोन दशकांत जे रॉक संगीत जन्मास आले आणि पाहता पाहता साऱ्या जगात पसरले, त्याच्या रसिकांमध्ये आवडत्या वाद्यवृंदांवरून जे वाद होतात, ते वरवर पाहणाऱ्याला केवळ आवडीनिवडीचे आणि म्हणून निष्फळ वाटतात. आणि ज्याला त्या संगीताची ओढच नाही, त्याला तर दोन सुजाण माणसे अशा प्रश्नावर रात्र रात्र घालवतात ही गोष्टच अगम्य वाटावी. परंतु असे वाद लक्ष देऊन ऐकले असता त्यांच्या तळाशी एक गंभीर प्रश्न आढळतो. या संगीतातली कलाकृती म्हणून ज्या वस्तूला आपण मानतो, ती नेमकी वसते कोठे? चार वादक एका दालनात एकमेकांकडे पाहत वाजवतात त्या घटकेत, की त्या घटकेनंतर फितीवर महिनोन्महिने चाललेल्या जुळणीत? लेड झेपेलिन आणि पिंक फ्लॉइड हे दोन इंग्रज वृंद या प्रश्नाची दोन टोके म्हणून ओळखले जातात, आणि त्यांच्या भक्तांमधला विरोध हा पुष्कळदा याच प्रश्नावरचा, पण नीट न मांडलेला मतभेद असतो, असे माझे मत आहे.

ज्या संभाषणाची हकीकत मी येथे देणार आहे, ते माझ्या एका जुन्या मित्राच्या घरी झाले. हे गृहस्थ सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त झालेले असून, कॉलेजच्या दिवसांपासून जमवलेल्या आपल्या तबकड्या ते आजही दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाहीत. त्यांची भाची ध्वनिमुद्रणाचाच व्यवसाय करते. चित्रपटांच्या आवाजाची जुळणी करण्यात तिचे दिवस आणि हंगामात बहुतेक रात्रीही जातात. सामान्य तर्काने पाहता, जिचे आयुष्य यंत्रांपुढे चालले आहे तिने यंत्राची बाजू घ्यावी आणि मागल्या पिढीच्या मामांनी मैफलीची, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात प्रकार उलटा आहे, आणि त्याला सबळ कारण आहे. हे दोन्ही वृंद ऐन भरात असताना त्यांना रंगमंचावर पाहण्याचा योग मामांसारख्या मुंबईकराला येणे जवळजवळ अशक्यच होते. त्यामुळे त्यांनी ते सारे संगीत घरात बसून तबकडीवरच ऐकले, आणि तबकडी हीच त्यांच्या लेखी मूळ वस्तू ठरली. उलट भाचीला यंत्राच्या सामर्थ्याची रोजची ओळख असल्यामुळे, ज्या आवाजात यंत्राचा हात कमीत कमी लागला आहे, तो तिला मौल्यवान वाटतो.

मामांनी आरंभच निर्धाराने केला. "लेड झेपेलिनच्या ढोलाची थोरवी तू सांगण्यापूर्वी माझे म्हणणे संपूर्ण ऐकून घे," ते म्हणाले. "रॉक हे नाचाचे आणि आरडाओरड्याचे संगीत होते तोवर त्याला कला म्हणण्याचे कारण नव्हते. त्याला ती प्रतिष्ठा आली, ती वादकांनी रंगमंचाकडे पाठ फिरवली तेव्हा. बीटल्सनी ऑगस्ट १९६६ मध्ये सान फ्रान्सिस्कोला आपला अखेरचा जाहीर दौऱ्याचा कार्यक्रम केला. श्रोत्यांच्या किंकाळ्यांपुढे त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नसे. त्यानंतर ते लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील स्टुडिओत जाऊन बसले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी 'सार्जंट पेपर' बाहेर काढली. त्याच वसंत ऋतूत, त्याच इमारतीतल्या दुसऱ्या दालनात, पिंक फ्लॉइडची चार पोरे आपली पहिली तबकडी मुद्रित करीत होती, हा मला नुसता योगायोग वाटत नाही. स्टुडिओ हेच एक वाद्य आहे, हा विचार त्या इमारतीच्या हवेतच होता. त्या विचाराचे सर्वांत पक्व फळ म्हणजे १९७३ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेली 'द डार्क साइड ऑफ द मून'. अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत ती तबकडी १९८८ पर्यंत ७४१ आठवडे राहिली. विक्रीवरून मी गुण ठरवीत नाही. पण पंधरा वर्षांच्या काळात दर आठवड्याला नवे हजारो लोक जी वस्तू घरी नेतात, ती केवळ त्या वेळच्या उत्साहावर उभी नसते, एवढे तरी तू मान्य करशील."

"विक्रीचा मुद्दा मी तहकूब ठेवते," भाची म्हणाली. "पण मामा, त्या तबकडीत यंत्राने असे काय केले की जे माणसांना साधले नसते, ते एका जागी बोट ठेवून दाखवा."

मामा अशा आव्हानाची वाटच पाहत होते. "'मनी' या गाण्याचा आरंभ घे. नाण्यांचा खुळखुळाट, कागद फाटल्याचा आवाज, दुकानातल्या गल्ल्याची घंटा, आकडेमोडीच्या यंत्राची खटखट. रॉजर वॉटर्सने नाणी टाकून आवाज घेतला तो बायकोच्या मातीकामाच्या खोलीतल्या एका वाडग्यात. एवढे आवाज कोणीही गोळा करील. पण या माणसांनी प्रत्येक आवाजाचा फितीचा तुकडा पट्टीने मोजून, सारख्या लांबीचा कापून, सात तुकडे एकापुढे एक चिकटवले आणि त्या फितीची माळ करून ती यंत्रावर फिरत ठेवली. म्हणजे ठेका आधी वाजला नाही, तो आधी मोजला गेला. आपल्याकडे रूपक सात मात्रांचा आहे आणि त्यात गाणाऱ्याला अवघड असे काही वाटत नाही; पण चार मात्रांवर पोसलेल्या त्या संगीतात सातांचे आवर्तन पैशाच्या खणखणाटावर उभे करणे, आणि पुढे गिल्मरच्या गिटारला मोकळीक हवी म्हणून नेमके तेवढ्यापुरते चारांवर येणे, ही रचना आहे. विचार करून, कागदावर मांडून केलेली रचना. 'टाइम'मधली घड्याळेही तशीच. अ‍ॅलन पार्सन्स हा तेथला तरुण ध्वनिमुद्रक; त्याने घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक घड्याळ वेगवेगळे मुद्रित केले होते, ते निराळ्याच प्रयोगासाठी. ती सारी एका क्षणी एकत्र वाजतात, तो क्षण जगातल्या कोणत्याही दुकानात कधी घडला नव्हता. तो फितीवरच घडला, आणि कलेचे काम याहून दुसरे काय असते?"

हे म्हणताना मामांच्या आवाजाला जी धार आली होती, ती पाहून मला त्यांच्या मताचे खरे मूळ उमगल्यासारखे वाटले. ज्या मनुष्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमाखर्चाची रुजुवात घेतली, त्याला पट्टीने मोजून कापलेल्या फितीत जो आनंद मिळतो तो अगदी सच्चा आहे. नेटकेपणा हाही सौंदर्याचाच एक प्रकार आहे, आणि जे लोक त्याला रुक्षपणा म्हणून हेटाळतात, त्यांना वास्तुशिल्पाचेही सौंदर्य कळत नसावे.

भाचीने उत्तराला वेळ घेतला. "तुम्ही सांगितले ते सगळे खरे आहे," ती म्हणाली, "आणि पार्सन्सचे काम मी माझ्या धंद्यातले आदर्श काम मानते. आता मी तुम्हाला एक जिना दाखवते. हॅम्पशर परगण्यात हेडली ग्रेंज नावाचे एक जुने घर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते निराधारांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेण्यासाठी बांधले गेले. १९७१ च्या आरंभी लेड झेपेलिनचे लोक तेथे जाऊन राहिले. बाहेर अंगणात रोलिंग स्टोन्सच्या मालकीची फिरत्या ध्वनिमुद्रणाची गाडी उभी होती. त्या काळी ड्रमचे मुद्रण कसे करीत? ढोलात गोधड्या कोंबून त्याचा नाद दाबायचा, प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी एकेक माइक लावायचा, आणि मग त्या दाबलेल्या नादांतून काहीतरी जुळवायचे. अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकाने 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्यासाठी वृंदाच्या जॉन बॉनमचा ड्रम घराच्या प्रवेशदालनात, थेट जिन्याच्या तळाशी मांडला, आणि वरच्या मजल्यावरून दोनच माइक खाली सोडले. मोठ्या ढोलाच्या तोंडाशी माइकच नव्हता. बॉनम पायाने जो ठोका देतो, तो दगडी भिंतींवर आदळून, जिन्याने वर चढून, मग त्या माइकांपाशी पोहोचतो. मामा, मी रोज ड्रम मुद्रित करते. आज कोणत्याही संगणकात त्या दालनाचा आवाज म्हणून विकत मिळणारी नक्कल आहे; ती मी वापरून पाहिली आहे, आणि दर वेळी तिच्यात एकच गोष्ट कमी पडते. आघात करणारा तो मनुष्य त्या दालनाला उत्तर देत होता. भिंतीवरून परत आलेला आवाज ऐकून तो पुढचा ठोका किंचित मागे ठेवीत होता. माणूस आणि जागा यांचे ते संभाषण आहे. त्यातला नुसता जागेचा अर्धा भाग विकत घेऊन काय करायचे?"

"उत्तम," मामा म्हणाले. "आता त्याच गाण्याचा उरलेला जमाखर्च मी मांडतो. तो जिन्यातला ढोल पुढे बिन्सन कंपनीच्या प्रतिध्वनी देणाऱ्या यंत्रातून काढला गेला, आणि सारे गाणेच फितीची गती उतरवून जड केले गेले. तो जो चिखलातून चालल्यासारखा भार आहे, तो यंत्राने दिला. तोंडाने वाजवण्याच्या बाजाचा प्रतिध्वनी उलटा फिरवलेला आहे, म्हणजे नाद येण्यापूर्वीच त्याची छाया येते. निसर्गात असे कधी होते काय? आणि याचा परिणाम काय झाला, तर त्या वृंदाने ते गाणे रंगमंचावर फार थोड्या वेळा वाजवून सोडून दिले. जे गाणे तुझ्या मते चौघांच्या एकत्र वाजवण्याचे शिखर, तेच चौघांना लोकांपुढे वाजवता येईना. तुझाच साक्षीदार माझ्या बाजूने बोलतो आहे."

हा घाव वर्मी बसला होता यात शंका नाही. भाचीनेही तो नाकारला नाही, पण जे पुढे झाले त्याने वादाला अनपेक्षित दिशा मिळाली, कारण मामा तेवढ्यावर न थांबता म्हणाले, "शिवाय ते गाणे त्यांचे तरी कोठे होते?"

येथे हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. १९२७ साली मिसिसिपी नदीला जो महापूर आला, त्यात बंधारे फुटून लाखो माणसे, विशेषतः कापसाच्या मळ्यांवर राबणारी कृष्णवर्णीय कुटुंबे, बेघर झाली. दोन वर्षांनी कॅन्सस जो मॅकॉय आणि त्याची पत्नी मेम्फिस मिनी यांनी त्या संकटाचे गाणे दोन गिटारींवर मुद्रित केले. लेड झेपेलिनने आपल्या तबकडीवर मिनीचे नाव सहलेखक म्हणून दिले, ही गोष्ट त्यांच्या बाजूची. परंतु १९६९ सालच्या 'होल लॉटा लव्ह'मध्ये त्यांनी विली डिक्सन या शिकागोच्या थोर गीतकाराचे ऋण मान्य केले नव्हते. डिक्सनने १९८५ मध्ये फिर्याद केली, १९८७ मध्ये आपसात तडजोड झाली, आणि पुढे त्याचे नाव तबकडीवर आले. मामांच्या मते हा केवळ कायद्याचा तपशील नव्हता. ज्यांची सारी थोरवी 'मैफलीतल्या तात्कालिक स्फुरणा'वर उभी आहे, त्यांना दुसऱ्याची ओळ आपलीच वाटू लागणे हा त्या पद्धतीचा अंगभूत दोष आहे, असे ते म्हणाले. जो रचना करतो, तो आपले काय आणि परके काय याची नोंद ठेवतो.

"मग क्लेअर टॉरीची नोंद कोठे होती?" भाचीने विचारले.

तिचा आवाज प्रथमच चढला होता. "जानेवारी १९७३, रविवारची संध्याकाळ. पिंक फ्लॉइडच्या रिक राइटची एक गत तयार आहे, पण तिच्यावर काय गावे हे कोणालाच सुचत नाही. पार्सन्सच्या ओळखीची एक तरुण गायिका बोलावली जाते. शब्द नाहीत, सूर लिहिलेले नाहीत. मरणाचा विषय आहे एवढेच तिला सांगितले जाते. ती डोळ्यांपुढे काहीएक आणून, कंठ हेच वाद्य समजून आलाप करते, आणि तीस पौंड बिदागी घेऊन घरी जाते. 'द ग्रेट गिग इन द स्काय' मधून तो आलाप काढून टाका आणि उरते काय ते ऐका. तबकडीवर रचनाकार म्हणून तिचे नाव यायला २००५ साल उजाडले, आणि तेही न्यायालयात दावा गेल्यावर. तुमच्या मोजून कापलेल्या तबकडीचा जो भाग ऐकताना माझ्या आजीचेही डोळे भरून आले होते, तो एका बाईने उभ्या उभ्या, क्षणात निर्माण केला, मामा. पट्टी घेऊन कोणी तो मोजला नव्हता. आणि नोंदी ठेवणाऱ्या रचनाकारांना तीस वर्षे तिची नोंद करण्याची बुद्धी झाली नाही."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला स्वतःला या प्रसंगी असे वाटले, आणि अजूनही वाटते, की रॉकच्या इतिहासातली ही बाजू जितक्या स्पष्टपणे सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही. वृंद म्हणजे चार नावे, असा जो समज तबकडीच्या वेष्टनाने पसरवला, त्याच्या आड किती कंठ आणि किती हात लुप्त झाले! अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवरची गाणी इंग्लंडातल्या पोरांनी प्रेमाने ऐकली, हे निःसंशय खरे; त्या प्रेमावाचून ना झेपेलिन जन्मती ना फ्लॉइड, कारण फ्लॉइड हे नावदेखील सिड बॅरेटने पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन ब्लूज गायकांच्या नावांतून जुळवलेले आहे. पण प्रेमाने घेतलेल्या वस्तूचीही पावती द्यावी लागते.

भाची पुढे सांगू लागली तेव्हा तिचा सूर निवळला होता. "आणि मुळात ती तबकडी स्टुडिओत जन्मली हेच मला मान्य नाही. १९७२ च्या जानेवारीत ब्रायटनला त्यांनी ती सगळी रचना लोकांपुढे वाजवायला घेतली. 'मनी'पाशी येऊन फितीच्या यंत्राने दगा दिला आणि प्रयोग अर्ध्यावर थांबवावा लागला. फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरात ती समीक्षकांनी ऐकली. तबकडी बाहेर आली त्याच्या आधी एक वर्षाहून अधिक काळ ते चौघे ती गावोगाव वाजवीत होते. आपल्या नाटकवाल्यांना विचारा, वर्षभराच्या प्रयोगांनी संहितेचे काय होते ते. मेसनचा ड्रम आणि वॉटर्सचा बेस यांच्यात जो सैलपणा असूनही तुटत नाही असा दुवा आहे, तो अ‍ॅबी रोडला तयार झाला नाही. तो त्या वर्षात तयार झाला. स्टुडिओने तो टिपला."

"टिपला?" मामा सावरून बसले. "रंगमंचावरच्या त्या वर्षभरात 'ऑन द रन'च्या जागी काय होते ठाऊक आहे ना? गिटारची एक साधीशी धावपळ. राइटच्या त्या गतीच्या जागी ऑर्गन, आणि त्यावर धर्मग्रंथांतल्या वचनांचे वाचन. स्टुडिओत गेल्यावर त्यांनी ते निर्दयपणे फेकून दिले. सिंथेसायझरच्या एका पेटीत आठ स्वर भरले, ते अमानुष वेगाने फिरवले, आणि विमानतळावरच्या माणसाची सगळी भीती त्या एका फिरत्या आवाजात उभी केली. वर्षभर वाजवून जे सापडले नाही, ते स्टुडिओने दिले. प्रयोगांनी संहिता घासून गुळगुळीत होते, हे मान्य; परंतु कोणता अंक काढून टाकायचा हे रंगमंच कधी सांगत नाही, कारण टाळ्या प्रत्येक अंकाला पडतात."

यावर भाचीला लगेच उत्तर सुचले नाही, आणि मी मध्ये पडलो. मी एक असा दाखला पुढे ठेवला की जो दोघांच्याही संग्रहात होता, पण ज्याचा या वादाशी संबंध आहे असे कोणाला वाटले नव्हते. १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले, आणि येथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' व 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी येथल्या स्टुडिओत मुद्रित केली. ते मुद्रण पुढे चार दशके दप्तरात पडून राहिले आणि २०१५ साली अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. 'फोर स्टिक्स' हे नावच बॉनमच्या वादनावरून पडलेले: पाच आणि सहा मात्रांच्या उलटसुलट चालीत तो दोन्ही हातांत दोन दोन काठ्या धरून वाजवतो. मुंबईच्या मुद्रणात बॉनम नाही, वृंदातला चौथा वादक जोन्सही नाही. चाल तीच, ती बांधणारा पेज समोर उभा, वादक आपापल्या विद्येत निष्णात, तबल्याचे बोल स्वच्छ. आणि तरीही ते ऐकताना आपण निराळ्या वस्तूपुढे आहोत हे पहिल्या काही आवर्तनांतच कळते. ती कमी प्रतीची आहे असे मी म्हणत नाही. तिच्यात एक प्रसन्न, मोकळी हवा आहे, जी मूळ गाण्यात नाही. परंतु मूळ गाण्यातला तो दाट, किंचित धोकादायक ताण, पुढची मात्रा हातून निसटते की काय असे वाटायला लावणारा, तो येथे कोठेच नाही. म्हणजे तो चालीत नव्हता, पेजच्या बुद्धीत नव्हता आणि स्टुडिओच्या यंत्रातही नव्हता. तो विशिष्ट चौघांच्या परस्परसंबंधात होता, आणि त्या संबंधाचे मुद्रण होऊ शकते, पण त्याची निर्मिती कोणत्याही यंत्राने होऊ शकत नाही, असे मी म्हणालो. माझे या वादातले मत तेव्हा हेच होते आणि आज अधिक दृढ आहे.

"हेच मी मघापासून सांगते आहे, काका," भाची म्हणाली.

"तू जिन्याविषयी सांगत होतीस," मामा म्हणाले. "हे वेगळे आहे, आणि याला मी विरोध करणार नाही, पण याला मी मर्यादा घालीन. चौघांचा संबंध खरा. म्हणून चौघांतला एक गेला की कृती संपली, असे मात्र होत नाही. बॉनम २५ सप्टेंबर १९८० रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारला, आणि डिसेंबरात उरलेल्या तिघांनी आपण पूर्वीसारखे पुढे जाऊ शकत नाही असे जाहीर केले. त्यांच्या निष्ठेपुढे मी नम्र आहे. पण फ्लॉइडकडे पाहा. सिड बॅरेट हा तर त्यांचा संस्थापक, गीतकार, मुख्य गायक. १९६८ मध्ये मनाच्या आजाराने तो वृंदाबाहेर गेला. आणि त्यांचे श्रेष्ठ कार्य त्यानंतरचे आहे."

"आणि त्या श्रेष्ठ कार्याचा विषय काय आहे?" भाचीने विचारले. "'विश यू वेअर हिअर' ही सबंध तबकडी कोणाच्या नसण्याभोवती फिरते?"

१९७५ च्या जूनमधला तो दिवस रॉकच्या बहुतेक रसिकांना ठाऊक असतो, तरीही तो वारंवार सांगावासा वाटतो. अ‍ॅबी रोडला बॅरेटवरच रचलेल्या दीर्घ गीताचे काम चालू असताना एक स्थूल, डोके आणि भुवया भादरलेला मनुष्य न बोलावता आत येऊन बसला, आणि ज्यांच्या तारुण्याचा तो नायक होता, त्या चौघांनाही बराच वेळ तो ओळखता आला नाही. ओळखल्यावर त्यांच्यातल्या काहींच्या डोळ्यांतून पाणी आले. ज्याच्या अभावाचे गाणे चालू होते, तो समोर बसलेला होता, आणि तरी अभाव कायम होता. या प्रसंगाकडे मामा आपल्या मताचा पुरावा म्हणून पाहतात, कारण वृंद टिकला. भाची आपल्या मताचा म्हणून पाहते, कारण जखम भरली नाही. मला तिचे म्हणणे अधिक खोल वाटते. १९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडला, वृंदाचे नाव कोणी वापरावे यावरून प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि १९८७ अखेर त्याचा निकाल तडजोडीने लागला. कायद्याच्या दृष्टीने नाव ही मालमत्ता होती आणि तिची वाटणी झाली. पण २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये वॉटर्स, गिल्मर, राइट आणि मेसन हे चौघे चोवीस वर्षांनी एकत्र उभे राहिले तेव्हा, आधीच्या सर्व वर्षांत त्या नावाने भरलेली मैदाने ज्याला पुरली नव्हती, ते काहीतरी ऐकायला जगभरचे लोक जागे राहिले. त्यांत मामाही होते, हे त्यांनी आपण होऊन सांगितले.

"होय," ते म्हणाले, "आणि त्या चौघांनी 'मनी' वाजवताना नाण्यांचा खुळखुळाट फितीवरूनच लावला होता, हेही सांगून ठेवतो."

तरीही त्या रात्री दोघांनी एका कृतीवर सारखाच हक्क सांगितला, आणि ती म्हणजे १९७१ च्या ऑक्टोबरात एड्रियन मेबन या दिग्दर्शकाने पाँपेईच्या प्राचीन रंगमंडलात चित्रित केलेला पिंक फ्लॉइडचा प्रयोग. प्रेक्षक म्हणून एकही मनुष्य बोलावलेला नाही. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या नगराच्या रिकाम्या दगडी पायऱ्या, मध्ये चौघे वादक, आणि त्यांचे सारे अवजड सामान लंडनहून मोटारीने आणलेले. वीज पुरेना, तेव्हा नगरपालिकेच्या इमारतीपासून थेट तेथवर तार ओढावी लागली. मामांचे म्हणणे असे की, श्रोता वजा केल्यावरही हे संगीत संपूर्ण राहते, म्हणजे ते टाळ्यांसाठी वाजवलेले नव्हते, ते नोंदीसाठी वाजवलेले होते. भाचीचे म्हणणे असे की, चौघे उन्हात एकत्र वाजवीत आहेत, दुरुस्तीला जागा नाही, आणि दोन हजार वर्षांपूर्वीची ती जागा त्यांना उत्तर देत आहे.

"त्यातले काही भाग पुढे पॅरिसच्या स्टुडिओत घेतलेले आहेत," मामांनी आठवण दिली.

"असू देत. 'वन ऑफ दीज डेज' लावा," ती म्हणाली. त्या गाण्याच्या बाकीच्या फिती हरवल्यामुळे चित्रपटात बहुतेक वेळ एकटा निक मेसनच दिसतो. ऐन वेगात त्याच्या हातातली एक काठी निसटते. दुसऱ्या हाताचा ठेका न तुटता तो बाजूची नवी काठी उचलतो आणि पुढच्या मात्रेवर हजर होतो. मामांनी तो भाग मागे नेऊन पुन्हा लावला, मग आणखी एकदा. मेबनने ही चूक काढून टाकली नाही, ही संपादनातली निवड आहे, असे त्यांनी सांगितले. आणि काठी निसटली नसती तर निवडायला काय होते, असे भाचीने विचारले.